रंगावारी लावलेला डोंगर

मी एकदा एक अख्खा डोंगर रंगावारी लावून ठेवला होता. पांढरे दगड एका पेटीत, काळे दुसरीत, हिरवट तिसरीत, आणि जे कुठल्याच रंगात बसेनात ते सगळ्यांत खालच्या पेटीत, नकोसा पाहुणा माजघरात ढकलावा तसे. वरून ओलं फडकंसुद्धा फिरवलं. परवा माझी नात आपले खडू असेच लावत बसली होती आणि तिची आई मला म्हणाली, "बघ गो आई, किती नीटनेटकी आहे!" नीटनेटक्या पोरीला काय काय नासवता येतं, हे मला जितकं ठाऊक आहे तितकं त्या घरात दुसऱ्या कुणाला नाही. आजी मी जरा लवकरच झाले म्हणा; आमच्याकडे लग्नं लवकर होतात आणि शहाणपण उशिरा येतं, त्यामुळे चुका आठवायला भरपूर वर्षं शिल्लक राहतात.

तो डोंगर म्हणजे आमची खाण. सोन्याची. सासरी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा जावेनं आधी माझ्या गळ्याकडे बघितलं, मग कानांकडे बघितलं आणि मग डाळीला फोडणी द्यायला उठून गेली. तिचं काही चुकलं नाही. माझे बाबा त्या खाणीचे राखणदार होते, आणि खाण बंद होती. कणकवलीपासून बरंच आत, काजूच्या रानातून चढून गेलं की डोंगराच्या कुशीत एक सपाट जागा लागायची. तिथे आमचं कौलारू घर, पुढे शेणानं सारवलेलं खळं, बाजूला दगडांच्या पेट्या ठेवलेलं छप्पर आणि मागे बोगद्याचं तोंड. तोंडाला लोखंडी गज आणि कुलूप. बाबा रोज सकाळी पेज पिऊन झाली की ते कुलूप काढायचे, आत वाकून बघायचे आणि पुन्हा लावायचे. आत काय बघतात, म्हणून मी एकदा विचारलं. "काळोख," ते म्हणाले. "कालच्याइतकोच आसा."

खाण तीनदा उघडली आणि तीनदा मिटली, असं ते सांगायचे. पहिली माणसं कोण, ते कुणालाच माहीत नाही. उतारावर त्यांची बिळं होती, इतकी अरुंद की माणूस पोटावर सरपटतच आत गेला असणार. छताला काजळी, कारण ते लोक दगडाला आगीनं तापवत आणि वर पाणी ओतून तडकवत. सुरुंगाची दारू तेव्हा कुठली? दुसऱ्यांदा आले ते माझ्या पणज्याच्या वेळचे गोरे साहेब. त्यांनी बोगदा घातला, आत लाकडी टेकू दिले, खळ्यापलीकडे दगड कुटायचं यंत्र बसवलं. त्याची लोखंडी मुसळं दिवसभर पडत, आणि घरातल्या फळीवरची भांडी आपोआप सरकत सरकत कडेला येत, असं पणजी सांगायची म्हणे. यंत्र बंद पडलं त्या दिवशी तिला वाटलं, आपले कान गेले. सोनं निघालं, पण ते काढायला जे लागलं त्याहून कमी निघालं. तिसरी कंपनी बाबांच्या तरुणपणी आली. तिनं खणलं नाही, नुसती भोकं पाडली. हिऱ्याचे दात बसवलेली पोकळ नळी फिरवत फिरवत खोल जमिनीत घालायची आणि तिच्या पोटात अडकलेला दगडाचा दांडा बाहेर काढायचा. त्याला कोर म्हणायचे. काकडीएवढ्या जाडीचे, गोल, गुळगुळीत तुकडे. बाबा त्या मशीनला पाणी पुरवायच्या कामावर होते. निघालेले तुकडे लांबट लाकडी पेट्यांमधल्या खाचांत ओळीनं मांडायचे, आणि मधे मधे रंगानं आकडा टाकलेली लाकडी ठोकळी ठेवायची, म्हणजे कुठला तुकडा किती खोलीवरचा ते कळतं. पहिल्या पेटीच्या डाव्या कोपऱ्यात डोंगराचं डोकं, शेवटच्या पेटीच्या उजव्या कोपऱ्यात त्याची पावलं. मग ती कंपनीही गेली. जाताना बाबांना म्हणाली, पेट्या सांभाळ, आम्ही परत येऊ.

घरात तेव्हा आम्ही दोघंच. आई नव्हती, म्हणजे होती, पण मिठबावला, माहेरी. समुद्राकाठची मुलगी डोंगरावर दिलेली. सोळा-सतरा वर्षं तिनं काढली, मग एक दिवस बाबांना म्हणाली, "हंय माणसां रवणत नाय, दगड रवतत. रातीक कानात कायच वाजणा नाय. माका जीव घाबरता." बाबा गप्प बसले. बाबांचं गप्प बसणं हे एक वेगळंच काम होतं, ते त्यात तासन्‌तास घालवत. आई गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. मी दहावीला होते. बाबांना भात कोण वाढणार म्हणून मी राहिले, आणि राहिले याचा मला त्या वयात फार अभिमान होता. आपण कुणीतरी मोठी त्यागी बाई आहोत असं मनात धरून मी पेज ढवळत असे. पेज बहुधा करपत असे.

आई मासे विकायची. बाजाराच्या दिवशी ती पाटी घेऊन मिठबावहून कणकवलीला जायची, आणि परतीच्या एस.टी.तून आमच्या फाट्यावर उतरून पुढच्या गाडीपर्यंत थांबायची. मी डोंगर उतरून तिथे जायची. ती केळीच्या पानात बांधलेले पेडवे नाहीतर मूठभर सुंगटं माझ्या हातात द्यायची, माझे केस बघायची, "त्याल लावणंस नाय" म्हणायची, आणि गाडी आली की चढायची. वर घराकडे एकदाही आली नाही. "बरो आसा मा तो?" एवढं मात्र प्रत्येक वेळी विचारायची, नाव न घेता. मी वर जाऊन बाबांना सांगायची, आई विचारत होती. बाबा पेडव्यांचं तिखलं भाताशी कालवत म्हणायचे, "खाण उघडली काय येतली ती. माणसां इली, बिऱ्हाडां झाली, काय येतली." हे वाक्य त्या घरात देवाच्या दिव्यासारखं रोज लागायचं. दर अवसेला ते बोगद्याच्या तोंडाशी राखण्याला, म्हणजे त्या जागेच्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचे, "बारा पाचाच्या म्हाराजा, बंद पडलला उघड," आणि मी मागून "व्हय म्हाराजा" म्हणायची. संध्याकाळी वारा पडला की कणकवलीच्या बाजूनं नव्यानं सुरू झालेल्या रेल्वेची शिट्टी ऐकू यायची. मी मनाशी ठरवलं होतं की त्या गाडीतून एक दिवस आमच्या खाणीची माणसं उतरतील. किती, ते रोज बदलायचं. कधी शंभर, कधी फक्त आई.

दहावीची परीक्षा संपली आणि बाबांना विषमज्वर झाला. त्यांना कणकवलीच्या दवाखान्यात ठेवलं. आई मिठबावहून आली आणि त्यांच्या उशाशी बसली, आणि मला म्हणाली, "तू घराकडे रव, कोंबडी आसत." तर मी एकटी. एवढ्या मोठ्या डोंगरावर एक मी, एक कोंबडा, चार कोंबड्या. रानात कोकमाचे रातांबे पिकून लालभडक पडत होते. मला वाटलं, आई बाबांना घेऊन घरी येईल, तेव्हा तिला घर भरलेलं दिसलं पाहिजे. सोलं करू! आईला सोलकढीशिवाय जेवण जात नसे. मी टोपलीनं रातांबे आणले, फोडले, गर काढला, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवली. आता वाळवायला ताटं हवीत. सुपं भरली, चटई भरली, आणि मग माझी नजर छपराकडे गेली. लांबट पेट्या, सरळ खाचा, वारा खेळता. सोलं वाळवायला देवानंच घडवलेल्या! पुढच्या बाजूला रचलेल्या म्हणजे शेवटच्या, सगळ्यांत खोल भोकाच्या. मी त्या खळ्यात ओढल्या, दगड काढून गोणपाटावर पसरले, खाचांतून सोलं मांडली. पेट्या कमी पडल्या तेव्हा दगडांवरही मांडली. काळा दगड उन्हानं असा तापायचा की सोलं संध्याकाळपर्यंत सुरकुतायची. रोज रसात बुडवायची, रोज मांडायची. सुरकुत्यांत मिठाची पांढरी रेघ उमटायची. मी जाणत्या बाईसारखी कमरेवर हात ठेवून उभी राहायची. आकडे टाकलेली ती लाकडी ठोकळी मला निरुपयोगी वाटली. त्यांच्यावर भात शिजवला. छान जळली, रंगामुळे असेल.

बाबांना सोडणार असा निरोप आला तसे दगड परत पेट्यांत भरले, रंगावारी, फडकं मारून. बाबा काठी टेकत आले. आई त्यांना फाट्यापर्यंत सोडून तिथूनच मिठबावची गाडी धरून गेली. सोलांची पिशवी भिंतीच्या खुंटीला तशीच राहिली. फाट्यावर जाताना मी ती नेली नाही. आई घरात येऊन घेईल तेव्हाच द्यायची, असा माझा हट्ट होता. हट्ट कुणाशी, ते विचारू नका.

पाऊस आला आणि गेला. भात कापून झाल्यावर एक दिवस जीप वर चढली आणि तीतून एक बाई उतरल्या. पन्नाशीच्या, टोपी, विजार, गळ्यात दोऱ्याला अडकवलेलं भिंग. नागपूरकडच्या. नवी कंपनी खाण घ्यायचं बघत होती आणि त्यांना एकच गोष्ट ठरवायची होती: सोनं धरणारी गारेची, म्हणजे पांढऱ्या गारगोटीची, शीर खाली खोल जाते का वरच संपते? जात असेल तर उघडायची, नसेल तर नाही. त्यासाठी त्यांना शेवटचं, सगळ्यांत खोल भोक बघायचं होतं. बाबांनी नवा सदरा घातला होता. शब्द जपून, ऑफिसातल्यासारखं बोलत होते, "मॅडम, पेट्या अगदी जशाच्या तशा आहेत. मी कोणाला हात लावू दिला नाही." मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी. पेट्या जशाच्या तशा नाहीत हे मला आठवत नव्हतं असं नाही. पण त्यानं काही बिघडतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. दगड तेच, पेट्या त्याच, उलट आता स्वच्छ!

मॅडमनी पेटी उघडली. पांढऱ्यांची. काठोकाठ गार, नुसती दुधासारखी गार. त्या उकिडव्या बसल्या आणि एकदम मोठ्यानं म्हणाल्या, "अरे बापरे! एवढी जाड शीर? एवढ्या खोलीवर?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा तो चेहरा मी पुन्हा कधी पाहिला नाही, आणि आधीही पाहिला नव्हता. त्यांना खळ्यात बिऱ्हाडं दिसत होती. त्यांना चुलीपाशी आई दिसत होती. आणि मला, खरं सांगते, मलाही. मॅडमनी एक तुकडा उचलला, डोळ्याशी धरला. "ही गुलाबी झाक कसली? लोह असेल," असं पुटपुटत त्यांनी चक्क जीभ काढून दगड चाटला. दगड ओला केला की नीट दिसतो, म्हणून ते लोक चाटतात, हे मला पुढे कळलं. त्या वेळी वाटलं, बाईला भूक लागलीय. त्यांनी तोंड वाकडं केलं. पुन्हा चाटला. "खारट," त्या म्हणाल्या. "आणि... आंबट?"

बाबा घाईनं म्हणाले, "पाण्याचा गुण असेल, मॅडम. इकडचं पाणीच तसं." मॅडम भिंगातून बघत म्हणाल्या, "काहीतरी वेगळंच खनिज दिसतंय. नमुना पाठवते." आता बघा, मी गप्प बसले असते तर? नमुना गेला असता, माणसं आली असती, निदान एक पावसाळाभर तरी त्या डोंगरावर कुणी बोललं असतं. पण मला माझ्या हातच्या सोलांना खनिज म्हटलेलं सोसवेना. माझी अक्कल ही अशी. "खनिज नाही ते, मॅडम," मी म्हणाले. "माझी सोलं आहेत. मीठ जरा जास्त झालं असेल." आणि खुंटीवरची पिशवी आणून दाखवलीसुद्धा, वास देऊन. मॅडमनी पिशवीकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, दुसरी पेटी उघडली, सगळी काळी, तिसरी उघडली, सगळी हिरवट. मग हळूच विचारलं, "आणि लाकडी ठोकळे गं?" मी चुलीकडे बोट केलं.

त्या हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. बाबा हसले नाहीत. ते पायरीवर बसले आणि त्यांनी नव्या सदऱ्याचं वरचं बटण काढलं. "इतकी वर्सां राखलंय," एवढंच म्हणाले, कुणालाच नाही.

मॅडम गेल्या नाहीत मात्र. म्हणाल्या, दगड मोडतो तेव्हा त्याचं मोडलेलं टोक फक्त एकाच दुसऱ्या टोकाशी बसतं, शोधू. मग आम्ही तिघं खळ्यात गोणपाटं अंथरून बसलो. एक तुकडा घ्यायचा, त्याला दुसरा लावून बघायचा, फिरवायचा, नाही जमला की ठेवायचा. जमला की टक्‌ असा बारीक आवाज यायचा आणि मधे केस जाईल इतकीही फट राहायची नाही. मी पेजेचं आधण ठेवून यायची, पुन्हा बसायची. मॅडम हातानं काम करत बोलत राहायच्या. हा काळा-हिरवा दगड एकेकाळी खोल दाबाखाली पिळून निघाला, त्याला फटी पडल्या, फटींतून ऊन ऊन पाणी वर चढलं, निवताना गार आणि चिमूटभर सोनं मागे ठेवून गेलं. मी म्हटलं, "म्हणजे सोलांच्या सुरकुतीत मीठ राहतं तसं." "तसंच गं," त्या म्हणाल्या. "तुला हे आधी कळलं असतं तर!" बाबा पहिल्या दिवशी नुसते बघत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक तुकडा उचलला. टक्‌ झालं की ते मान हलवायचे, आणि त्यांच्या तोंडावर काहीतरी यायचं आणि जायचं. त्या दिवसांत आमच्या खळ्यात जेवायला माणूस होतं. मॅडमना माझी सोलकढी आवडली. तिसऱ्या वाटीला म्हणाल्या, "हेच ते खनिज!" मी इतकी हसले की कोंबड्या पळाल्या. रात्री अंथरुणावर मात्र वाटायचं, दगड संपूच नयेत.

संपले. डोंगर खळ्यात आडवा पडला होता, डोक्यापासून पावलांपर्यंत. आणि मग कुणी सांगायची गरजच उरली नाही. वर गारेची शीर मनगटाएवढी. मग बोटाएवढी. मग दोऱ्याएवढी. आणि शेवटच्या ओळीत काळा दगड, नुसता काळा दगड. मी सगळी गार एका पेटीत भरून जी खाण केली होती, ती भरघोस होती. देवानं केली ती एवढीच. बाबांनी विचारलं, "मगे?" मॅडम म्हणाल्या, "दादा, शीर खाली मरते हो. मी खोटं नाही लिहू शकत." "मरता," बाबा म्हणाले, आणि केरसुणी घेऊन खळं झाडायला लागले, दगडांच्या भोवतीनं, एकाही तुकड्याला धक्का न लावता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेज प्यायली, कुलूप काढलं, आत वाकून बघितलं, लावलं. मी काय विचारणार? बाजाराचा दिवस होता. मॅडमची जीप निघाली तशी मी सोलांची पिशवी घेऊन तीत बसले. फाट्यावर मॅडमनी माझ्या हातात एक तुकडा ठेवला, गुलाबी झाक असलेल्या गारेचा, आणि गेल्या. तो अजून माझ्या घरात आहे. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याला लावते. नात त्याला चाटते. मी अडवत नाही.

आई रिकामी पाटी घेऊन उतरली. मी तिच्या हातात पिशवी कोंबली आणि रडायलाच लागले, फाट्यावर, चार माणसांत, नाक ओढत. "ह्या काय गो? रडतंस कित्याक? तो बरो आसा मा?" मी सगळं सांगितलं, उलटंसुलटं, सोलं, पेट्या, ठोकळी, चाटलेला दगड. ती मधेच हसली, मग माझं तोंड बघून थांबली. मी म्हटलं, "खाण उघडूची नाय गे आये. कधीच उघडूची नाय. आता तू येवची नाय." तिनं पिशवीत हात घालून एक सोल काढलं, तोंडात टाकलं, बराच वेळ चघळलं. मिठबावची गाडी आली, थांबली. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. ती चढली नाही. गाडी गेली, धूळ खाली बसली, आणि मग ती म्हणाली,

"खाणीची वाट तुमी दोघां बघी होतात गो. 'ये' म्हणान कोण सांगता काय, मी तेची वाट बघी होतंय."